स्वातंत्र्य कोणापासून?

गेल्या दिवाळीच्या सुटीत आपल्या विद्यालयाचा एक माजी विद्यार्थी आम्हांस भेटावयास आला. पाचवीत तो वसतिगृहात दाखल झाला तेव्हा त्याच्या पत्र्याच्या पेटीत दोन सदरे आणि आईने बांधून दिलेल्या भाकरी एवढेच होते. आज तो बंगळुरूच्या एका संगणक कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. चहा घेताना तो म्हणाला, "सर, तुम्ही आम्हांला शासनाकडे हक्क मागायला शिकवलंत. पण खरा अडथळा शासनच आहे. शासनानं बाजूला व्हावं आणि माणसाला त्याच्या कष्टावर सोडावं. मग बघा, आपली पोरं कुठं जातात ते."

त्याच्या बोलण्यामागे एक ताजी जखम होती. त्याच्या धाकट्या बहिणीचे जात पडताळणीचे प्रकरण एका कार्यालयात चौदा महिने पडून होते. १९५० पूर्वीचा पुरावा म्हणून आजोबांच्या शाळेचा दाखला आणा, असे तेथे सांगण्यात येत होते. आजोबांना शाळेची पायरीच चढू दिली गेली नव्हती, मग दाखला कोठून आणावयाचा? ज्या अन्यायाची भरपाई मागायची, त्याच अन्यायाने पुसून टाकलेला कागद पुरावा म्हणून मागावयाचा, हा खाक्या कोणाही विचारी माणसाला शासनाविषयी कडवट करील. त्या दिवशी आम्ही त्याला नीट उत्तर देऊ शकलो नाही. स्मरणिकेच्या संपादकांनी लेख मागितला तेव्हा ते राहिलेले उत्तर येथे लिहावे असे ठरविले. कारण हा प्रश्न त्या एकट्याचा नाही. आपले अनेक शिकलेले तरुण आज याच वाटेने विचार करीत आहेत.

इंग्रजीत ज्याला 'लिबर्टेरियनिझम' म्हणतात त्यास मराठीत एकच रूढ शब्द नाही. आम्ही येथे सोयीसाठी 'स्वातंत्र्यवाद' म्हणू. त्याचे सूत्र थोडक्यात असे, की प्रत्येक माणूस स्वतःच्या देहाचा, श्रमाचा आणि त्यातून मिळविलेल्या मालमत्तेचा धनी आहे. दुसऱ्यावर बळजोरी करण्याचा अधिकार कोणासही नाही. आणि समाजातील सर्वांत मोठी बळजोरी शासन करते. म्हणून शासनाने चोर, दरोडेखोर व परचक्र यांपासून रक्षण करावे, करार पाळले जातील एवढे पाहावे, आणि बाकी सारे माणसांच्या खुशीच्या देवघेवीवर सोपवावे. १९४४ साली फ्रीड्रिख हायेक यांचा 'द रोड टू सर्फडम' हा ग्रंथ आला. केंद्रीय नियोजन माणसाला हळूहळू गुलामीकडे नेते, असा इशारा त्यात होता. पुढे मिल्टन फ्रीडमन आणि रॉबर्ट नोझिक यांनी ही परंपरा अमेरिकेत वाढविली. १९७१ साली तेथे या नावाचा राजकीय पक्षही निघाला.

नोझिक यांनी १९७४ च्या आपल्या ग्रंथात दिलेले एक उदाहरण प्रसिद्ध आहे. बास्केटबॉलचा एक नामांकित खेळाडू आहे. त्याचा खेळ पाहण्यासाठी प्रत्येक प्रेक्षक खुशीने पंचवीस सेंट त्याच्या नावाच्या पेटीत टाकतो. दहा लाख प्रेक्षक आले तर त्याच्याजवळ अडीच लाख डॉलर जमतात. कोणी फसविले नाही, कोणी धमकाविले नाही. मग या रकमेवर हात घालण्याचा शासनास काय अधिकार? श्रमाच्या कमाईवरील कर ही सक्तीच्या मजुरीसारखीच गोष्ट आहे, इथपर्यंत नोझिक जातात. सक्तीची मजुरी म्हणजे आपल्या भाषेत वेठ. हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. तो पुढे पुन्हा येणार आहे.

या विचाराचे आकर्षण खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. उलट, शासनाच्या बळजोरीची झळ ज्यांना सर्वांत अधिक लागली त्यांत आपले पूर्वज होते. महार वतन हे त्याचे धडधडीत उदाहरण. १८७४ च्या वतन कायद्याने सरकारने गावकीच्या चाकरीवर शिक्कामोर्तब केले. कामाचे तास ठरलेले नव्हते, कामाची यादी नव्हती. सरकारी टपाल पोहोचवा, साहेबाच्या घोड्यापुढे धावा, सारा भरावयास लोकांना बोलावून आणा. घरचा कर्ता आजारी असेल तर त्याच्या बायकोला वा मुलाला उभे राहावे लागे. मोबदला म्हणून इनामाचा एखादा तुकडा आणि बाकी गावकऱ्यांनी घालावयाचे बलुते. राबवून घ्यायचे सरकारने आणि पोटाला घालायचे, घातले तर, गावाने! राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली कोल्हापूर संस्थानात ही पद्धत मोडली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, पण ते तडीस गेले नाही. आपल्या भागातील कनिष्ठ गावचाकरीची वतने कायद्याने संपली ती १९५८ च्या कायद्यानंतर.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर जन्मालाच गुन्हा ठरविले. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातील वसाहतीत माणसांची हजेरी घेतली जाई. या दोन्ही कायद्यांसमोर स्वातंत्र्यवादी माणूस उभा केला, तर तो आपल्याच बाजूने बोलेल आणि जोराने बोलेल.

अलीकडचा दाखला कापसाचा. १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. विदर्भातील शेतकऱ्याने स्वतः पिकविलेला कापूस राज्याच्या सीमेपलीकडे नेऊन विकणे हा गुन्हा ठरत असे. कोरडवाहू शेतकऱ्यांत आपली माणसेही होती. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने या बेडीविरुद्ध आवाज उठविला तो योग्यच होता, असे आमचे मत आहे. त्यांच्या 'लक्ष्मीमुक्ती' मोहिमेत नवऱ्यांनी जमिनीचा हिस्सा स्वखुशीने बायकांच्या नावे करून दिला, हेही नमूद केले पाहिजे. मात्र ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती त्या मजुरांच्या बायकांच्या नावे काय करावयाचे, हे या मोहिमेला सांगता येण्यासारखे नव्हते.

तेव्हा शासनाला लगाम हवा यात वाद नाही. बाबासाहेबांनी घटनेत मूलभूत हक्क घातले, आणि त्यांच्या रक्षणासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याची वाट देणारे कलम ३२ घातले, ते शासनाला लगाम म्हणूनच. त्या कलमाला ते घटनेचा आत्मा मानीत. वाद पुढे आहे. शासन मागे हटले की त्या रिकाम्या जागेत कोण येऊन बसतो?

अमेरिकेतच पाहू. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो या गावी चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानात गेले. त्यांनी आधी किरकोळ वस्तू विकत घेतल्या व पावत्या जवळ ठेवल्या. नंतर ते त्याच दुकानातील खाण्याच्या टेबलाशी बसले. दुकानदाराला त्यांचे पैसे चालत होते, त्यांचे शेजारी बसणे चालत नव्हते. त्या चौघांच्या मागून हजारो विद्यार्थी असेच जाऊन बसले, मार खाल्ला, तुरुंगात गेले, आणि १९६४ साली नागरी हक्क कायदा झाला. हॉटेले, उपाहारगृहे, नाट्यगृहे यांत वर्णभेद करण्यास त्याने बंदी केली.

या कायद्याविरुद्ध मत देणाऱ्यांत अॅरिझोनाचे सिनेटर बॅरी गोल्डवॉटर होते. ते वर्णद्वेष्टे नव्हते. १९५७ आणि १९६० च्या नागरी हक्क कायद्यांना त्यांनी पाठिंबा दिला होता. त्यांचा आक्षेप तत्त्वाचा होता: खासगी मालकाने कोणाला दारात घ्यावे हे सरकारने का सांगावे? त्याच वर्षी ते अध्यक्षपदासाठी उभे राहिले व दणदणीत हरले. सहाच राज्ये त्यांच्या बाजूने गेली. एक त्यांचे स्वतःचे, आणि उरलेली पाच लुइझियाना, मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया व साउथ कॅरोलिना. ज्यांच्या बापजाद्यांनी गुलाम राखले होते, त्या राज्यांनाच स्वातंत्र्याचा हा झेंडा आवडला. तत्त्व सांगणाऱ्याचे मन शुद्ध असेलही. पण त्या तत्त्वाच्या छत्रीखाली कोण गोळा होते, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने पाहावयाचे असते.

अटलांटा येथील २१६ खोल्यांच्या एका मोटेलचा मालक कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याने जे सांगितले ते वाचून आम्ही थक्क झालो. इच्छा नसताना काळ्या माणसाला खोली देणे भाग पाडणे म्हणजे आपल्याला वेठीस धरणे आहे, असा त्याचा दावा होता. गुलामांना मुक्त करणारी जी तेरावी घटनादुरुस्ती, तिचाच त्याने आधार घेतला! न्यायालयाने डिसेंबर १९६४ मध्ये एकमताने हा दावा फेटाळला.

आता महाडकडे वळू. मुंबई विधिमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांच्या मागे हजारो माणसे तळ्यावर गेली व ओंजळभर पाणी प्याली. नंतर माघारी निघालेल्या लोकांवर लाठ्या चालल्या हे आपण दरवर्षी सांगतो. त्यानंतर कोर्टात काय घडले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. स्पृश्य मंडळींनी दावा लावला तो धर्माच्या नावाने नव्हे, मालकीच्या नावाने. तळे आमचे आहे, ते वापरण्याचा हक्क आमचाच आहे, आणि प्रतिवादींना तेथे येण्यास मनाई करावी, अशी त्यांची मागणी होती. डिसेंबर १९२७ मध्ये त्यांना तात्पुरती मनाई मिळालीही. म्हणूनच दुसऱ्या परिषदेच्या वेळी जमलेला समुदाय तळ्याचे पाणी न घेता परतला.

अटलांटाचा मोटेलमालक आणि महाडचे फिर्यादी एकमेकांना ओळखत नव्हते. पण दोघांनी हातात घेतलेले हत्यार एकच: 'माझी मालमत्ता, माझी मर्जी.' स्वातंत्र्यवादाच्या पुस्तकांत हे वाक्य दुबळ्याच्या झोपडीचे राजाच्या शिपायांपासून रक्षण करते. आपल्या गावगाड्यात ते तळ्याच्या काठावर उभे राहून तहानलेल्याला हाकलते.

येथे कोणी म्हणेल, तळे नगरपालिकेचे होते, म्हणजे हा खासगी मालकीचा प्रश्नच नव्हता. ठीक आहे, मग तळे सोडून गिरणीकडे येऊ.

१९५६ च्या धर्मांतरानंतर आमच्या वडिलांच्या गावी आपल्या लोकांनी गावकीची कामे टाकली. मेलेले जनावर ओढायचे नाही, सांगावा घेऊन पळायचे नाही. गावाने कोणाला मारले नाही. एके सकाळी आजी दळण घेऊन गिरणीवर गेली, तेव्हा गिरणीवाला म्हणाला, "पट्टा तुटलाय." दुसऱ्या दिवशीही पट्टा तुटलेलाच. वाण्याकडे मीठ संपले होते, आणि ते आमच्याच आळीपुरते संपले होते. कोणाच्याही रानात मजुरीला काम नव्हते. जनावरे चरायला न्यायची वाट पाटलाच्या बांधावरून जात होती, ती काट्या टाकून बंद झाली. आजी सांगे, तीन महिने बायकांनी जात्यावर दळले आणि मिठासाठी पुरुष रात्रीचे सात कोस चालून बाजारच्या गावी गेले. अखेर चार घरांनी गाव सोडले. त्यांतले एक आमचे.

आता ही हकीकत स्वातंत्र्यवादाच्या काट्यावर तोलून पाहा. गिरणी गिरणीवाल्याची, कोणाचे दळण घ्यावे ही त्याची मर्जी. मीठ वाण्याचे. रान पाटलाचे, बांधही पाटलाचा. प्रत्येकाने केवळ नकार दिला, आणि नकार देण्याचा अधिकार तर या विचाराचा पाया आहे. कोणी कोणाच्या अंगाला बोट लावले नाही. हिशेबात बळजोरी शून्य, आणि चार घरे परागंदा! जो काटा एवढे वजन दाखवीत नाही, तो काटाच सदोष आहे असे आम्हांस वाटते. शंभर माणसांचे शंभर स्वतंत्र नकार जेव्हा एका जातीच्या सूत्राने बांधलेले असतात, तेव्हा त्यांची मिळून एक सत्ता होते. तिला ना निवडणूक, ना न्यायालय, ना कलम ३२. शासनाविरुद्ध दाद मागता येते. बंद गिरणीविरुद्ध दाद कोठे मागावी?

बाबासाहेबांनी हे ओळखले होते. १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने घटना समितीसाठी तयार केलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी बहिष्काराची सविस्तर व्याख्या केली आणि तो गुन्हा ठरवावा अशी मागणी केली. त्याच निवेदनात त्यांनी स्वातंत्र्यवादी युक्तिवादाला समोरासमोर घेतले आहे. त्यांचे म्हणणे आमच्या शब्दांत असे: शासन हटले की स्वातंत्र्य उरते हे मान्य, पण ते कोणाला उरते? जमीनदाराला खंड वाढविण्याचे आणि मालकाला मजुरी घटविण्याचे स्वातंत्र्य उरते. उपाशी माणसापुढे नोकरी ठेवली आणि बदल्यात संघटनेचा, भाषणाचा हक्क सोड म्हटले, तर तो काय निवडील हे सांगावे लागत नाही. शासनाच्या ताब्यातून सुटलेला माणूस खासगी मालकाच्या हुकूमशाहीत जाऊन पडतो. त्यांनी सुचविलेला शासकीय समाजवाद आज जसाच्या तसा लागू करावा काय, यावर आपल्यात मतभेद असू शकतात. आम्ही स्वतः शेतीच्या राष्ट्रीयीकरणाबद्दल साशंक आहोत. पण त्यांनी विचारलेला प्रश्न टळत नाही. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला तो २०१६ साली, म्हणजे त्या निवेदनानंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी.

फ्रीडमन यांनी याला एक उत्तर दिलेले आहे. भेदभाव करणाऱ्या व्यापाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते. चांगला कामगार वा गिऱ्हाईक तो गमावतो. म्हणून बाजार भेदभावाला आपोआप झिजवतो, असे ते म्हणतात. शहराच्या गर्दीत याचा काही अनुभव आपल्यालाही आहे. इराण्याच्या हॉटेलात कोणी जात विचारीत नसे. पण मुंबईच्या कापड गिरण्यांत काय झाले? विणकाम खात्यात मजुरी अधिक होती आणि तेथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि स्पृश्य कामगारांना तो विटाळ वाटे. मालक नफ्यासाठीच गिरण्या चालवीत होते, तरी त्यांनी हा विटाळ मोडला नाही. मोडला असता तर इतर कामगार बिथरले असते. भेदभाव पाळण्यातच नफा होता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उपस्थित केला, तो याच कारणाने.

आपल्या देशातही या विचाराचा एक पक्ष होऊन गेला. राजगोपालाचारी, मिनू मसानी, प्रा. रंगा यांनी १९५९ साली स्वतंत्र पक्ष काढला. १९६७ च्या लोकसभेत ४४ जागा मिळवून तो सर्वांत मोठा विरोधी पक्ष झाला. परवाना-राज्यावरील त्याची टीका पुष्कळ अंशी खरी ठरली. पण त्याच्या बाकांवर माजी संस्थानिक आणि जमीनदार किती होते हे पाहिले, म्हणजे गोल्डवॉटर यांची सहा राज्ये आठवतात.

नोझिक मात्र एका ठिकाणी प्रामाणिक राहिले, ते सांगितलेच पाहिजे. मालमत्ता न्याय्य ठरावयाची तर ती मुळात न्याय्य रीतीने मिळालेली असली पाहिजे आणि न्याय्य रीतीने हस्तांतरित झालेली असली पाहिजे. तसे नसेल तर आधी दुरुस्ती करावी लागेल, आणि जुने अन्याय फार मोठे असतील तर त्या दुरुस्तीसाठी काही काळ मोठे शासनही लागू शकेल, असे त्यांनी स्वतःच मान्य केले आहे. त्यांचे अनुयायी हे पान सहसा उघडीत नाहीत. ज्या देशात शेकडो वर्षे एका समाजाला जमीन, धन आणि विद्या बाळगण्याची बंदी होती, त्या देशात सातबाऱ्यावरील किती नावे या कसोटीला उतरतील? शिष्यवृत्ती आणि आरक्षण ही त्या दुरुस्तीचीच, आणि तीही अगदी माफक, साधने आहेत. अनुसूचित जातींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. आमच्या त्या विद्यार्थ्याचे अभियांत्रिकीचे शिक्षण तिच्यावरच झाले. हे त्याला टोमणा म्हणून आम्ही सांगत नाही. त्याचे कष्ट त्याचेच आहेत. वसतिगृहाचा दिवा मालवल्यावर व्हरांड्यात वाचीत बसलेला तो आम्ही पाहिलेला आहे.

महाडचा निकाल सांगावयाचा राहिला. खालच्या न्यायालयातच तळे नगरपालिकेचे ठरले आणि फिर्यादींजवळ रूढीचा तेवढा आधार उरला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले, कारण ही रूढी अनादिकालापासूनची आहे हे त्यांना सिद्ध करता आले नाही. सिद्ध करता आले असते तर? ती रूढी अन्याय्य किंवा लोकहिताविरुद्ध आहे काय, याचा विचार मग करावा लागला असता, एवढे म्हणून न्यायालयाने तो प्रश्न उघडा ठेवला. त्याचे उत्तर १९५० साली घटनेने दिले. कलम १५ ने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी व तळी यांबाबत शासनाइतकेच नागरिकांनाही बांधून घेतले, कलम १७ ने अस्पृश्यता कोणत्याही स्वरूपात पाळण्यास बंदी केली, आणि कलम २३ ने वेठ बंद केली. एकाच ग्रंथात शासनालाही लगाम आणि गावालाही लगाम आहे.

हे सारे आम्ही त्या विद्यार्थ्याला दूरध्वनीवर सांगितले. तो बराच वेळ ऐकत होता. मग म्हणाला, "सर, गिरणीचं पटलं. पण ताईच्या कागदाचं काय? तिथं तर शासनच पट्टा तुटलाय म्हणतंय." यावर आमच्याजवळ युक्तिवाद नव्हता. त्याला सुटी मिळाली त्या सोमवारी आम्ही दोघे त्याच्या बहिणीला घेऊन त्या कार्यालयात गेलो. आजोबांचा दाखला नव्हता, पण चुलत आजोबांच्या नावाचा वतनाच्या नोंदीचा एक उतारा तहसिलीत शोधून काढला होता. ज्या वहीत सरकारने त्यांना चाकर म्हणून लिहिले होते, ती वही आता उपयोगी पडली. प्रमाणपत्र त्यानंतर चार महिन्यांनी आले.